पाण्यात गेलेली गाडी

३ फेब्रुवारी

चिरंजीव,

वरचा शब्द हाताच्या सवयीनं लिहिला गेला. राग गेला असा अर्थ काढू नकोस.

तुझं पत्र पोचलं, आतला चेकही पोचला. चेक याच पाकिटातून परत पाठवतोय. आम्ही गाडी बघतोय हे तुला कोणी सांगितलं ते विचारत नाही. माझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

तर हो, गाडी घेतोय. म्हणजे सूनबाई घेतेय, मी नुसता बरोबर असतो. ‘तुम्ही तिला अजून सूनबाई म्हणता?’ असं तू विचारलंस. म्हणतो. कोर्टानं नवराबायकोला वेगळं केलं. सासऱ्याला आणि सुनेला वेगळं करणारा कायदा अजून निघालेला नाही. तू दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटलास, तो तुला लखलाभ. ती या घरात राहिली ती मी म्हटलं म्हणून, आणि माझ्यावर उपकार म्हणून. वरची खोली तिची आहे, जिन्याला वेगळं दार आहे, भाडं ती हट्टानं देते.

गाडी कशाला हवी म्हणतोस. तुला माहीत असलेली ती पार्लरमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली कात्री चालवायची. आताची तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला डोकं धुवायलाही उठवता येईना. केसांच्या जटा झाल्या. नर्स म्हणाली, सरळ भादरून टाका. सूनबाई म्हणाली, थांबा. तिनं एक प्लास्टिकचं घमेलं आणलं, त्याची एक कड तापवून मानेच्या आकारात वाकवली, खाली नळी बसवली. मग पलंगावरच, आडव्या माणसाचे केस धुतले, विंचरले, खांद्यापर्यंत छान कापले. एक थेंब उशीवर पडला नाही. आईनं आरसा मागितला. आजारपणात तिनं स्वतःहून काही मागितलं ते हेच.

त्या नर्सनं ही गोष्ट दुसऱ्या घरी सांगितली, दुसऱ्यांनी तिसऱ्या. आता गावातली अंथरुणावरची निम्मी माणसं तिची गिऱ्हाइकं आहेत. पक्षाघात झालेले, हाडं मोडलेले, म्हातारे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीमागे तिचा नंबर लिहून देतात. आणि हे सगळं स्कूटरवर! पायाशी घडीची खुर्ची, पाठीवर बेसिन. मागून बघितलं तर कासव चाललंय असं वाटतं.

गाडी चालवायला मी शिकवली. उभी हयात बस चालवली, आता एक तरी विद्यार्थी नीट घडवावा म्हटलं. पहिल्या फटक्यात लायसन्स मिळालं. तू किती फटक्यांत मिळवलंस ते इथं लिहीत नाही.

दवाखान्यानं तिला नदीपलीकडच्या वस्तीचंही काम देऊ केलंय, पुढच्या महिन्यापासून. अट एकच, स्वतःचं वाहन हवं. शिवाय तिच्या एक हेडबाई आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता चाकाच्या खुर्चीत. कितीतरी दिवसांत त्यांनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यांना सूनबाईनं शब्द दिलाय, गाडी आली की पहिली सवारी तुमची.

आणि गाडी सापडली आहे. मी शोधली. चंदेरी रंग, जवळजवळ नवीन, मागचा दरवाजा पूर्ण वर उघडतो, खुर्ची आडवी न करता आत जाते. किंमत ऐकून मला वाटलं दुकानदाराची जीभ घसरली. बोलायला इतका गोड माणूस की मी त्याचं नाव साखऱ्या ठेवलंय. बयाणा देऊन टाकला. तेव्हा तुझ्या चेकची गरज नाही, हे तुला समजलं असेलच.

बाबा


१९ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझं पत्र म्हणजे दोनच वाक्यं. ‘इतकी स्वस्त का? मागच्या वर्षीच्या पुरातली तर नाही ना?’

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला मी सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं तो मला गाड्या शिकवतोय. पत्र घडी करून खिशात घातलं आणि तिला दाखवलं नाही.

दाखवायची गरजही पडली नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी चालवून बघायला गेलो. ती बसली, काचा वर केल्या, एसी लावला आणि गाडी सुरूच करेना. नुसती बसून राहिली.

म्हटलं, “काय गं, घाबरलीस?”

“बाबा, वास येतोय.”

“नव्या गाडीला येतोच.”

“हा अत्तराचा आहे. अत्तर कशावर मारतात ते मला कळतं. मी रोज आजाऱ्यांच्या खोल्यांत जाते.”

मला काही वास आला नाही. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चंदेरी नाही, फिकट निळी आहे. असेल. उन्हात रंग फसवतात.

मग आमच्या डेपोतल्या मिस्तरीला घेऊन गेलो. आठवत असेल तुला, निवृत्त झाला तरी नखांतलं ग्रीस निवृत्त झालेलं नाही तो. त्यानं इंजिनकडे ढुंकूनही बघितलं नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या टोकाला, जो भाग कधी कोणी बाहेर काढत नाही तिथे, पिवळट चिखलाची रेघ होती. पायाखालचा गालिचा उचलला, सीटचे बोल्ट गंजलेले. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून वाफ.

साखऱ्या म्हणाला, “थोडं पाणी लागलं असेल, काका. पावसात कुठली गाडी भिजत नाही?”

“भिजली नाही, बुडाली,” मिस्तरी म्हणाला.

साखऱ्यानं उभ्या उभ्या किंमत आणखी खाली आणली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही रे! त्याच्या जागी मी असतो तर जमिनीत गेलो असतो.

परत येताना मी मिस्तरीला विचारलं, घ्यावी का? तो म्हणाला, “चालेल की. कदाचित वर्षानुवर्षं चालेल. कदाचित एखाद्या दिवशी भर पुलावर बंद पडेल. तारा आतून किती कुजल्यात ते दिसत नाही. आपटली तर समोरची हवेची पिशवी फुगेल की नाही तेही नक्की नाही. आणि मी छातीठोक सांगतो असं जो म्हणेल त्याच्याकडून गाडी घेऊ नका.”

घरी आल्यावर आमचं वाजलं. मी घे म्हणालो. म्हटलं, अगं, मी ज्या बसेस चालवल्या त्यांना दारं दोरीनं बांधलेली असायची. ब्रेक लावायचा तर आधी नवस बोलावा लागायचा. त्यातूनही माणसं सुखरूप घरी पोचवली. इतक्या कमी पैशांत अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. दवाखान्याचं काम हातचं जाईल. तुला ना कोणाचे उपकार घ्यायचे, ना कर्ज वाढवायचं, मग आकाशातून गाडी पडणार आहे का?

ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “बाबा, तुम्ही बसाल त्या गाडीत?”

“आत्ता बसेन.”

“मला माहीत आहे. पण मी तुम्हाला बसवणार नाही.”

मग ताट फळीवर ठेवून म्हणाली, “माझ्या गाडीत बसणाऱ्याला दार उघडून स्वतः उतरता येणार नाही. हेडबाईंना तर पट्टाही मीच लावायचा. ज्याला पळता येत नाही त्याला मी ‘बघू, चालेल’ म्हणून कसं बसवू?”

मी बातम्या लावल्या.

तिनं अजून नाही म्हटलेलं नाही. विचार करते म्हणाली. साखऱ्याचे रोज फोन येतायत. दवाखान्यातूनही विचारणा झाली. मी गप्प आहे. माझं गप्प बसणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे, घरात भांडी जास्त वाजतात.

बाबा


२ मार्च

चिरंजीव,

काल जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. चहाच्या टपरीवर सांगून झालं, मिस्तरीला सांगून झालं, तुझ्या आत्याला फोनवर सांगितलं. तरी पोट भरलं नाही. म्हणून तुला.

काल सकाळी ती खाली आली आणि म्हणाली, “बाबा, गाडी नको. बयाणा परत मागून येऊ.” एवढंच. मी चपला घातल्या.

दुकानात पोचलो तर त्याच गाडीपाशी एक जोडपं उभं. तरुण होती पोरं. बाईच्या कडेवर तान्हं मूल. नवरा बॉनेटवरून असा हात फिरवत होता, जसा माणूस आपल्याच वस्तूवर फिरवतो. आणि साखऱ्याचं चाललेलं, “एका डॉक्टरांची गाडी आहे. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. पावसाळ्यात तर त्यांनी बाहेरच काढली नाही.”

आम्हाला बघून त्याचा आवाज जरा अडखळला, पण सराईत माणूस. “या ताई, बसा आत, चहा सांगतो.” आत नेऊन तो हळूच म्हणाला, “तुम्हाला नको ना? काही हरकत नाही. बयाणा आत्ता परत देतो. तुम्ही आमच्या जुन्या गिऱ्हाईक.” जुन्या! महिनाभराच्या ओळखीत आम्ही जुने झालो. त्यानं खण उघडला, पैसे काढले, टेबलावर ठेवले आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, “फक्त आता मागच्या दारानं जा. बाहेर गिऱ्हाईक आहे.”

मी तुला खरं सांगतो, मी पैसे उचलून मागच्या दारानं गेलो असतो. म्हटलं असतं, आपलं आपल्याला मिळालं, जग त्याचं तो बघेल.

सूनबाईनं पैशांकडे बघितलंही नाही. ती पुढच्या दारानं बाहेर गेली. त्या बाईला म्हणाली, “ताई, जरा बाळाला त्यांच्याकडे द्या आणि इकडे या.” मग गाडीचं दार उघडलं आणि पट्टा शेवटपर्यंत ओढून तिच्या हातात दिला. “ही रेघ बघा. एवढ्या वरपर्यंत पाणी होतं. गाडी चालते. कदाचित पुढेही चालेल. मी घेणार होते, आता घेत नाही. तुम्हाला घ्यायची असली तर घ्या, पण माहीत असून घ्या.”

आवाज चढवला नाही. शिवी नाही, तमाशा नाही. आजाऱ्याला ‘मान जरा डावीकडे करा’ म्हणते ना, त्या आवाजात.

त्या बाईनं पट्ट्याकडे बघितलं, मग बाळाकडे बघितलं. नवऱ्याचा हात बॉनेटवरून खाली आला.

साखऱ्याचा गोडवा काल मी पहिल्यांदा उतरलेला बघितला. “ओ बाई, तुमचा व्यवहार संपलाय! दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नका. आता बयाणा विसरा. एक पैसा मिळणार नाही. कोर्टात जा!”

“ठेवा,” ती म्हणाली. “त्यातून एक पाटी करून घ्या. ‘पुरातली गाडी’ असं लिहा आणि काचेला लावा.”

आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. मागे म्हणजे काय, मी छाती काढून चालत होतो. निवृत्त झालो त्या दिवशी डेपोनं माझा हारतुरे घालून सत्कार केला होता, तेव्हाही मी असा चाललो नव्हतो. ते जोडपंही आमच्या मागोमाग बाहेर पडलं. रस्त्यावर आल्यावर त्या नवऱ्याला आभार मानायचे होते, पण त्याला शब्द सापडेनात. तो मलाच म्हणाला, “तुमची मुलगी फार...” आणि थांबला.

“सून आहे,” मी म्हटलं. “आणि हो, फार आहे.”

कोपऱ्यावर वळल्यावर मात्र ती बाकावर बसली. म्हणाली, “बाबा, पैसे गेले. माझ्या कमाईचे होते.”

मी म्हटलं, “पाण्यात गेले. गाडी पाण्यातली, पैसेही पाण्यात.” आधी ती रागानं बघत राहिली, मग हसायला लागली. दोघंही हसलो, येणारेजाणारे बघत होते.

आता एक गोष्ट लिहितो आणि पत्र बंद करतो. ती गाडी घे म्हणून मी मागे लागलो होतो, ते काही गाडी चांगली म्हणून नाही. बुडालेली आहे हे मिस्तरीच्या आधी मलाही कळलं होतं, निदान संशय होता. पण एवढी स्वस्त दुसरी मिळाली नसती, आणि ती घेतली नसती तर तुझा चेक परत मागावा लागेल की काय, ही मला धास्ती. तुझ्यापुढे मान ताठ राहावी म्हणून मी तिला त्या गाडीत बसवायला निघालो होतो. तिची मान माझ्यापेक्षा ताठ निघाली. तिला त्यासाठी कोणाला दाखवावं लागत नाही.

बाबा


२१ एप्रिल

चिरंजीव,

‘मग गाडीचं काय झालं’ म्हणून तू दोनदा विचारलंस. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी कामात होतो. हसू नकोस.

साखऱ्याकडून आलो त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली आणि त्यांना स्वच्छ सांगितलं, गाडी नाही, पण मी वेळेवर पोचेन, महिनाभर बघा. मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, सामान कसं नेणार? ही म्हणाली, माझ्याकडे माणूस आहे. तो माणूस म्हणजे मी. मला विचारलंही नव्हतं!

मग काय, रोज सकाळी आम्ही दोघं बसनं नदीपलीकडे. ज्या बसच्या स्टिअरिंगमागे माझे केस पांढरे झाले, त्याच बसमध्ये मी मांडीवर बेसिन घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. कालपरवा भरती झालेला पोरगा. मी म्हटलं, अरे, या डेपोत मी कोण होतो माहीत आहे का? तो म्हणाला, काका, तुम्ही कोणीही असा, बेसिन मोठं आहे. तिकीट काढलं. बरोबर होतं त्याचं.

तिचं काम मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. घरातलं बघितलं होतं, पण ते दुःखात बघितलेलं. इथे अनोळखी घरं. एक पैलवानासारखा माणूस, पाठीचा मणका गेलेला, दाढी छातीपर्यंत आलेली, कोणाशी बोलत नव्हता. तिनं विचारलं, “भाऊ, मिशी ठेवायची की काढायची?” तो छताकडे बघतच म्हणाला, “ठेवा. टोकं वर.” त्याची बायको दारात उभी राहून रडायला लागली. किती दिवसांनी त्याला कोणीतरी त्याची पसंती विचारली होती. मला तिथे उभं राहवेना, मी नळी धुवायला बाहेर गेलो.

महिना संपला आणि दवाखान्यानं काम तिच्या नावावर पक्कं केलं. त्या कागदावर बँकेनं तिला कर्ज दिलं. जामीन म्हणून मी सही केली. तेव्हा समजलं की मला सहीची रेघ दिसत नाही. तिला ते कधीपासून माहीत होतं. तिनं भांडण न करता मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मोतीबिंदू काढला. आता दिसतं. ती साखऱ्याची गाडी निळीच असणार, हे मान्य.

आमची गाडी मात्र पांढरी आहे, आणि ती मी नव्या डोळ्यांनी बघून घेतली. मिस्तरीनं शोधली. एका लाँड्रीवाल्याची डबा व्हॅन आहे. दिसायला इतकी कुरूप की चोरही दया येऊन सोडून देईल. जुनी आहे, पण मालकानं कुठलीच गोष्ट लपवली नाही. उजवीकडचा पोचा कुठे आला, गिअर थंडीत का कुरकुरतो, सगळं न विचारता सांगितलं. सूनबाईनं विचारलं, पाण्यात गेली होती का? तो म्हणाला, “ताई, आतून बाहेरून साबणाच्याच पाण्यात वाढलीय.” मिस्तरीनं तरी सगळे पट्टे ओढून बघितले. कोरडे, स्वच्छ. मागे उतरती फळी बसवून घेतली, खुर्ची माणसासकट आत जाते.

पहिली सवारी हेडबाईंची झाली. टेकडीवर जायचं होतं त्यांना. मी मागे घडीच्या खुर्चीवर बसेन म्हणालो, तर मला दम मिळाला, पट्टा नाही तिथे बसायचं नाही. म्हणून मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. चढावर एक ट्रक समोरून मधोमध आला. माझा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. तिनं गाडी शांतपणे कडेला घेतली, हॉर्नसुद्धा वाजवला नाही, ट्रक गेला, पुन्हा गिअर टाकला. मला जे जन्मभरात जमलं नाही, म्हणजे शिवी न देता ट्रकला वाट देणं, ते तिला जमलं. वर पोचल्यावर हेडबाईंनी काच खाली करायला सांगितली. वारा तोंडावर घेत बसल्या. मग म्हणाल्या, “या ड्रायव्हरला कोणी शिकवलं?” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी समोरच्या झाडांकडे बघत राहिलो. काय करणार, डोळ्याचं ऑपरेशन ताजं होतं, पाणी यायचंच.

आता तुझं. तू लिहिलंयस, तुला येऊन भेटायचं आहे, मला आणि जमलं तर तिलाही. तिला विचारलं. ती म्हणाली, “तुमचं घर आहे, तुमचा मुलगा आहे. येऊ दे. मला काही बोलायचं नाही आणि काही ऐकायचंही नाही. पण त्याला चहा मी करणार नाही.” त्यात राग नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं.

तेव्हा ये. पण स्टँडवर तुला घ्यायला गाडी येईल अशी आशा ठेवू नकोस. गाडी तिची आहे, ती कामावर असते, आणि मी ती मागणार नाही. मी येईन, चालत. तुझी बॅग जड असेल तर एक पट्टा मी धरीन. घर तसं लांब आहे, पण आपल्याला बोलायचंही बरंच आहे. चालत येऊ.

बाबा